शिकायला गेली, शिकवूनही आली

आमच्या मांजरसुंब्याच्या चौकात उभं राहिलं की चारी दिशांचे रस्ते दिसतात. एक बीडकडं, एक सोलापूरकडं, एक पाटोद्याकडं, एक केजकडं. दिवसभर गाड्या थांबतात, माणसं चहा घेतात आणि निघून जातात. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेले ट्रक आणि ट्रॅक्टर इथूनच जातात. बायामाणसं, लेकरं, भांडीकुंडी, शेरडं-करडं सगळं एकातच भरलेलं असतं. म्हणजे गाव सोडून जाणं ही आमच्यासाठी काही नवलाई नाही. पण पोटासाठी जाणं वेगळं आणि शिकायला जाणं वेगळं. त्यातून मुलीनं, आणि तेही परदेशी!

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची, नणंदेची मुलगी. सोळा वर्षांची आहे, शिक्षणासाठी आमच्याकडंच आजोळी राहते. परवा ती एक फॉर्म घेऊन आली. वर्षभरासाठी परदेशात जायचं, तिथल्या एका कुटुंबात लेकीसारखं राहायचं, तिथल्या शाळेत शिकायचं, तिथला कारभार, तिथली लोकशाही कशी चालते ते जवळून बघायचं. तिकडचंही एखादं पोर असंच आपल्याकडं येऊन राहतं. रोटरीसारख्या संस्था अशी अदलाबदल कित्येक वर्षांपासून करतात. फॉर्मवर आईवडिलांची सही हवी होती. वडील काही बोलेनात. बोलल्या त्या माझ्या सासूबाई. त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं की लोकशाही शिकायला एवढं लांब कशाला जायचं? आपण काय मत देत नाही का? मी सगळ्या निवडणुकांना गेले, एकदा तर ताप अंगात असताना गेले. मग आणखी काय शिकायचं राहिलं?

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या पोटात गोळाच आला. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही दुसऱ्या एका गावी होतो. तिथं राखीव जागेवरून मी ग्रामपंचायतीची सदस्य झाले होते. पाच वर्षांत मी किती बैठकांना गेले? बोटावर मोजण्याइतक्या. रजिस्टर घरी यायचं. मी पिठाचे हात पदराला पुसून, दाखवतील तिथं सही करायची. ठरावात काय लिहिलंय ते वाचावं असं कधी वाटलं नाही आणि कुणी वाचून दाखवलंही नाही. मत मी दिलं होतं, निवडूनही आले होते. तरीसुद्धा लोकशाही म्हणजे काय ते मला कुठं कळलं होतं?

त्या रात्री मला पंडिता रमाबाई आठवल्या. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांच्याबद्दल वाचलेलं असतं. विदुषी होत्या, विधवांसाठी काम केलं, केडगावला आश्रम काढला. एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण आपल्या मराठी बायकांपैकी परदेशी जाऊन तिथला राज्यकारभार डोळसपणानं बघणारी, आणि तो घरच्या बायांना कळावा म्हणून मराठीत पुस्तक लिहून सांगणारी ही बाई, हे आपण विसरतोच. म्हणून आज मैत्रिणींनो, त्यांचीच गोष्ट सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. आज कर्नाटकात असलेल्या गंगामुळच्या रानात त्यांचं घर होतं. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी एक जगावेगळी गोष्ट केली. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. त्या काळात हा केवढा गुन्हा! पंडितांच्या सभेपुढं त्यांना जाब द्यावा लागला. बाईला शिकवू नये असं शास्त्रात कुठंही नाही हे त्यांनी शास्त्रानंच पटवून दिलं. पुढं लक्ष्मीबाईंनी रमेला शिकवलं. पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, आई लेकीला उठवायची आणि श्लोक पाठ करून घ्यायची. म्हणजे रमाबाईंची पहिली शाळा आईच्या मांडीवरच भरली.

पुढं हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं आणि आयुष्यभर चालतच राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर भागवायचं आणि पुढच्या गावाला निघायचं. मग दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. आपण बीडकरांनी दुष्काळ पाहिलाय, पण हा वेगळाच होता. १८७४ च्या सुमारास आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. सोळा वर्षांची पोर, माझ्या भाचीएवढी! दोघं भावंडं पायी हिंडत हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमेची परीक्षा घेतली, आणि विशीतल्या त्या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या.

सुख मात्र फार टिकलं नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, भाषा वेगळी. नोंदणी पद्धतीनं केलेलं हे लग्न. १८८१ मध्ये मनोरमा झाली. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकी होऊन नवरा वारला. वय वर्षं तेवीस, कडेवर दहा महिन्यांची लेक. सासर नाही, माहेरही नाही. अशा वेळी आपण काय केलं असतं? रमाबाई पुण्याला आल्या आणि बायकांसाठी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला होता, त्याच्यापुढं जाऊन साक्षही दिली. मुलींना शिकवायला बायका शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. आज आपल्याला ती साधी वाटते. तेव्हा ती ऐकून मोठमोठ्यांच्या भुवया वर गेल्या होत्या.

आपणच डॉक्टर व्हावं असं त्यांच्या मनात आलं. त्यासाठी इंग्लंडला जायचं. पैसे कुठले? पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशाचा आधार झाला. १८८३ मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन त्या बोटीत चढल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. इंग्लंडमध्ये वाँटेज गावी मठातल्या भगिनींकडं त्या राहिल्या. इथंच बघा, मला त्यांचा स्वभाव कळतो. फुकटचं खायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि बदल्यात आपण इंग्रजी शिकायचं, असा करार झाला. आज ज्याला आपण अदलाबदल म्हणतो ती हीच की! घेणाराच देणाराही असतो. हात पसरून गेलेली बाई मान खाली घालून शिकते. काहीतरी देऊन शिकणारी मान वर करून प्रश्न विचारू शकते.

आणि प्रश्न त्यांनी विचारले. इंग्लंडमध्ये त्यांच्यावर दुःखही कोसळलं. सोबत आलेली मैत्रीण तिथंच अकाली गेली. रमाबाईंना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळं डॉक्टर होण्याचा विचार सोडावा लागला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात केवढा गदारोळ झाला! आपल्या माणसांना ते फसवणुकीसारखं वाटलं. पण तिकडच्या लोकांनाही रमाबाई सोप्या गेल्या नाहीत. धर्म घेतला म्हणजे बिशप सांगतील ते मुकाट्यानं ऐकायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, संस्कृतही शिकवत होत्या. पुरुषांना शिकवण्याची गोष्ट निघाली तेव्हा मोठ्या पाद्र्यांनी हरकत घेतली, कारण हिंदुस्थानातल्या लोकांना ते आवडणार नाही म्हणे. आपल्याबद्दलचा निर्णय आपल्याला न विचारता इतरांनी परस्पर घ्यावा, याचा रमाबाईंना मनस्वी राग आला. पत्रांमागून पत्रं लिहून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. त्या परक्या मुलखातल्या, परावलंबी, एकट्या विधवा होत्या. पण माझं मन माझं आहे आणि त्याचा कौल मी घेणार, हे त्यांनी सोडलं नाही.

मला वाटतं, त्यांचा लोकशाहीचा पहिला धडा हाच.

दुसरा धडा अमेरिकेत मिळाला. त्यांची नात्यातली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात शिकत होती. तिच्या पदवीदानाला यावं म्हणून कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडले यांनी बोलावणं पाठवलं. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई निघाल्या. ऐन हिवाळ्यातला अटलांटिक समुद्र, खवळलेला. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा समोर रमाबाई बसल्या होत्या. दोन मराठी बायका, एक वीस वर्षांची, एक सत्तावीस वर्षांची, घरापासून हजारो मैलांवर. वर्षभरातच आनंदीबाई पुण्यात वारल्या. रमाबाईंचं काय झालं? थोड्या दिवसांसाठी गेलेली ही बाई जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिली.

तिथं त्यांनी काय पाहिलं? एक तर, राजाशिवाय चालणारं राज्य. आपल्याकडं तेव्हा इंग्रजांची राणी, आणि आपल्या या मराठवाड्यात निजाम. राज्य कुणाचं तरी असतं आणि आपण त्याची रयत असतो, एवढंच आपल्या पूर्वजांना ठाऊक. रमाबाईंनी पाहिलं की इंग्रजांच्याच ताब्यातून सुटलेला एक देश आपला प्रमुख स्वतः निवडतो, ठरलेल्या मुदतीनं बदलतो, आणि गावापासून राजधानीपर्यंतचा कारभार माणसं वाटून घेतात.

पण त्यांचं लक्ष जास्त गेलं ते बायकांकडं. आणि इथं खरी गंमत आहे. अमेरिकेतल्या बायकांना तेव्हा मताचा अधिकार जवळजवळ नव्हताच! वायोमिंगसारख्या एखाद्या प्रांतात १८६९ पासून होता, कॅन्ससमध्ये १८८७ ला नगरपालिकेपुरता मिळाला. देशभर मिळायला १९२० साल उजाडलं. म्हणजे मतच नाही. तरी या बायका काय काय करत होत्या! कॉलेजं चालवत होत्या, दवाखाने काढत होत्या, वर्तमानपत्रं छापत होत्या. दारूबंदीसाठी फ्रान्सिस विलर्ड या बाईंच्या पुढारपणाखाली गावोगावी बायकांच्या शाखा होत्या. दारूनं घरं बुडतात हे तिकडच्या बायकांनाही आपल्यासारखंच कळलं होतं. नुसतं रडत बसण्याऐवजी त्या सभा घेत होत्या. सभेला अध्यक्ष असायची, चिटणीस असायची, खजिनदार असायची. हिशेब सगळ्यांपुढं वाचला जायचा. पटलं नाही तर उभं राहून बोलायचं, आणि बोलून झालं की पुन्हा एकत्र कामाला लागायचं. १८८८ मध्ये वॉशिंग्टनला जगभरच्या बायकांची मोठी परिषद भरली. तिलाही रमाबाई हजर होत्या.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. मत हे लोकशाहीचं दार झालं. आत घर कसं चालवायचं, ते वेगळं शिकावं लागतं. रमाबाईंनी पाहिलेल्या बायकांना दार बंद होतं, तरी त्या अंगणात बसून घर चालवायला शिकल्या होत्या. आणि मी? मला दार सताड उघडं मिळालं होतं आणि मी उंबऱ्यावर बसून सह्या करत होते.

रमाबाई नुसत्या भारावून गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. तिकडचं सगळं सोन्याचं, असं त्यांनी मानलं नाही. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली होती, काळ्या पुरुषांना १८७० मध्ये कागदावर मतही मिळालं होतं. तरी त्यांना माणूस म्हणून वागवलं जात नव्हतं, हे रमाबाईंनी पाहिलं. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांना टोचला. जातीभेदाच्या देशातून गेलेल्या बाईला तो भेद लगेच ओळखू आला असणार. परदेशी जाऊन शिकायचं ते असं. चांगलं ते घ्यायचं, वाईट ते सांगायचं आणि दोन्हीत आपलं घर आठवायचं.

आणि त्या देतही होत्या. १८८७ मध्ये त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. त्यात आपल्याकडच्या वरच्या जातींतल्या बायकांचे हाल अमेरिकेला सांगितले. बालविवाह, केशवपन, विधवेचं जिणं. हजारो प्रती खपल्या. गावोगावी त्यांची भाषणं झाली. पांढरी साडी नेसलेली ही लहानखुरी बाई बोलायला उभी राहिली की सभागृह शांत व्हायचं. या सगळ्यात पोटच्या पोरीलाही काही काळ दूर, इंग्लंडमध्ये ठेवावं लागलं. आईच्या जिवाला काय वाटलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. हिंदुस्थानातल्या विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायची, असं तिथल्या लोकांनी वचन दिलं. थोडी थोडी वर्गणी, जागोजागी मंडळं, नियम लिहिलेले, दर वर्षी अहवाल. आपल्या बचत गटाची आठवण येते की नाही? एक अट अशी होती की शाळेत कुठल्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. ज्या मुलीचा जो धर्म, तो तिनं पाळावा.

१८८८ च्या अखेरीस रमाबाई सॅन फ्रान्सिस्कोहून निघाल्या आणि जपानमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला उतरल्या. लवकरच, ११ मार्चला, शारदा सदन सुरू झालं. आनंदीबाईंच्या पदवीला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली होती. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा मोजक्या स्त्री प्रतिनिधींमध्ये रमाबाई होत्या. आणि त्याच वर्षी त्यांचं मराठी पुस्तक आलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. बघा, वर्ष एक आणि कामं किती! इंग्रजी पुस्तक तिकडच्यांसाठी होतं, हे मराठी पुस्तक आपल्यासाठी. तिकडं राज्य कसं चालतं, घरं कशी असतात, शाळा कशा असतात, बायका काय करतात, सगळं त्यांनी आपल्या भाषेत मांडलं. ज्या बाईला घराचा उंबरा ओलांडता येत नव्हता, तिच्यापर्यंत त्यांनी अमेरिका नेली.

शारदा सदनाच्या अगदी पहिल्या मुलींमध्ये गोदूबाई नावाची एक कोकणातली बालविधवा होती. पुढं १८९३ मध्ये तिनं धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. याच त्या बाया कर्वे. अण्णांच्या विधवाश्रमासाठी दारोदार फिरून त्यांनी वर्गणी गोळा केली. त्याच कामातून पुढं हिंगण्याची संस्था उभी राहिली आणि १९१६ मध्ये महिलांचं विद्यापीठ. बोस्टनच्या सभेत पडलेलं बी कुठं कुठं उगवलं, बघा!

पण सगळं गोड झालं असं नाही. १८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं असायचं. काही मुली तिथं जाऊन बसायला लागल्या. मुलींना बाटवण्याचा हा डाव आहे, असं पुण्यात म्हटलं गेलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. यात चूक कुणाची? पालकांची भीती खोटी नव्हती. पोटची पोर विश्वासानं ठेवलेली असते. रमाबाईंचं म्हणणं असं की माझं दार मी का लावून घेऊ? मला दोन्ही बाजू कळतात, आणि आजही या गोष्टीचा निवाडा एका वाक्यात करता येत नाही. ज्या मुलींना काढून नेलं, त्यांना मात्र कुणी विचारलं नसावं, एवढंच मला राहून राहून वाटतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. केडगावला त्यांनी जमीन घेतली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन तीनेकशे अनाथ मुली आणि बाया घेऊन आल्या. स्वतः सोळाव्या वर्षी दुष्काळात आईबाप गमावलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार? १९०० च्या दुष्काळानंतर मुक्ती सदनात सुमारे दोन हजार जीव होते. या मुली विहिरीचं पाणी शेंदत, शेती करत, विणत, तेल गाळत आणि छापखान्यात खिळेही जुळवत. बाईनं जे करू नये असं म्हणत, ते सगळं तिथं बायाच करत होत्या.

लेक मनोरमाही अमेरिकेत शिकून आली आणि आईच्या कामाला लागली. १९१२ मध्ये गुलबर्ग्याला मुलींसाठी शाळा निघाली, ती मनोरमेनं सांभाळली. गुलबर्गा तेव्हा आपल्यासारखाच निजामाच्या राज्यात होता. म्हणजे आईनं समुद्रापलीकडून आणलेलं लेकीनं आपल्या या बाजूच्या मुलखापर्यंत पोचवलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. आई मागं राहिली. मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणायचं काम त्यांनी शेवटपर्यंत केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्यांनीही डोळे मिटले. मुंबई इलाख्यातल्या थोड्याशा, मालमत्ता असलेल्या बायकांना मताचा अधिकार मिळून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. आपल्या बीडच्या बायांना पहिल्यांदा मत देता आलं ते १९५२ च्या निवडणुकीत, निजामाचं राज्य गेल्यावर.

ही सगळी गोष्ट मी परवा रात्री घरात सांगितली. भाची ऐकत होती, तिचे वडील मोबाईल खाली ठेवून ऐकत होते. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी भाचीला एकच विचारलं, तू त्यांना काय शिकवणार? ती बाई मराठी शिकवून इंग्रजी शिकली, तू बदल्यात काय देणार? पोरगी जरा गडबडली. मग म्हणाली की आमची माणसं ऊसतोडीला का जातात ते मी त्यांना सांगेन, मुलींच्या शाळा त्यामुळं कशा सुटतात तेही सांगेन. सासूबाईंनी मान हलवली. तिचे वडील म्हणाले, विचार करतो. सही अजून झालेली नाही. एकुलती एक मुलगी आहे, त्यांनाही घाई करायला मी सांगणार नाही. रमाबाईंच्या सोबत गेलेली मैत्रीण परत आली नव्हती, हे मी त्यांच्यापासून लपवून ठेवलेलं नाही. जिथं जायचं तिथली नीट चौकशी करावी, कुटुंब कोण, जबाबदार कोण, अडचण आली तर फोन कुणाला करायचा, हे सगळं बापानं विचारायलाच हवं.

पण मी मात्र एक ठरवलंय. भाची परदेशी जाईल तेव्हा जाईल, माझी शाळा इथंच आहे. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांना आहेत. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा कायदा आहे. ती भरते का? भरली तर तिथं कोण बोलतं? की घरोघरी रजिस्टर फिरतं, माझ्याकडं फिरायचं तसं? पुढची महिला ग्रामसभा कधी आहे, ते मी विचारून आले. सासूबाईही येणार म्हणतात. ठराव मोठ्यानं वाचून दाखवा, एवढंच मी उभं राहून म्हणणार आहे. ऐकायला साधं वाटतं, पण आत्तापासूनच छातीत धडधडतंय. तुमच्या गावातही सभा असेलच. दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे पहिलं वाक्य बोलायला धीर येतो.